फिलूची दगडी भिंत

फिलू गेल्याचा फोन मार्थाने केला. त्या धक्क्यातही माझ्या मनात आधी हेच आलं, की मार्थाने कसा काय? मार्था ही फिलूची धाकटी जाऊ. नंदाखाल गावातल्या एकाच घराचे दोन वाटे करून त्या शेजारी शेजारी राहत होत्या, आणि वर्षानुवर्षं त्यांच्यात बोलणं नव्हतं. निदान फिलूने मला तरी तसंच सांगितलं होतं. "टीचर, वहिनी गेल्या... झोपेतच," मार्था म्हणाली आणि माझ्याआधी तीच रडू लागली.

फिलू आणि मी एकाच शाळेत शिकवायचो. ती भूगोल, मी मराठी. निवृत्तीनंतर मी एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये राहायला आले. ती केळीच्या वाडीतल्या आपल्या घरात एकटी. नवरा गेलेला, मुलगा परदेशात. गेल्या हिवाळ्यात तिने मला बोलावून घेतलं. पुढच्या खोलीत खऱ्या दगडाचे पातळ पत्रे उभे करून ठेवले होते. दगडाचा नुसता पापुद्राच, मागून जाळी चिकटवलेली. एका हाताने उचलता येईल इतका हलका. ते तिला दोन घरांमधल्या भिंतीवर लावायचे होते. वाटणीच्या वेळी दोघा भावांनी, म्हणजे फिलूच्या आणि मार्थाच्या नवऱ्यांनी, त्या भिंतीतलं दार विटा रचून बुजवलं होतं. वरून कितीदा गिलावा केला, तरी दाराच्या चौकटीच्या आकाराची भेग पुन्हा उमटायचीच.

"अगं, माणूस बोलाव ना," मी म्हटलं.

"कशाला? दुकानवाल्याने सगळं दाखवलंय. तू फक्त धरायला ये."

मग रोज सकाळी मी जाऊ लागले. तिने सुटलेला गिलावा खरवडला, धूळ पुसली. ती दातेरी थापीने चिकट लेप पसरायची, मी पत्रा टेकवायची, आणि मधून कडांकडे ती तो दाबत न्यायची. दगडातल्या तांबूस रेघा एका पत्र्यातून दुसऱ्यात गेल्याच पाहिजेत, हा तिचा हट्ट. शेवटी भेग दिसेनाशी झाली. "चला, दाराची खूणही मिटली," मी म्हणाले. तिने मान तिरपी करून भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "सरळ आहे ना?" एवढंच. मला वाटलं, हिने आता तो विषय कायमचा बंद केला... आणि थोडं वाईटही वाटलं.

चर्चमधल्या सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर मार्था मला तिच्या घरात घेऊन गेली. भिंतीच्या तिच्या बाजूलाही तोच दगड, त्याच तांबूस रेघा! मी बघतच राहिले.

"वहिनींनी लावला," मार्था म्हणाली. "तुम्ही दुपारी घरी गेलात, की त्या इकडे यायच्या."

"म्हणजे तुमचं बोलणं होतं?"

"कुठलं? एक दिवस पत्रे घेऊन दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तुझ्याकडेही भेग पडते ना? मग हे धर, ते दे, एवढंच बोलायच्या. त्यांच्या मनात काय होतं, ते मी तुम्हालाच विचारणार होते."

तिला ते दार नाहीसं करायचं होतं, की मार्थाच्या घरात शिरायला निमित्त हवं होतं? राग विरला होता, की भेगेचाच कंटाळा आला होता? आणि माझ्यापासून लपवलं, की सांगायचं राहून गेलं? इतके आठवडे विचार करतेय. फिलूला मी ओळखत होते, असं आता छातीठोकपणे म्हणवत नाही.

त्या दिवशी मार्थाच्या खिडकीशेजारी एक अरुंद पट्टी उघडीच राहिली होती. तिथला तुकडा फिलूच्या खोलीत कापून तयार होता. मार्था अंगण ओलांडून तो घेऊन आली, उरलेल्या लेपाचा डबाही आणला. मी लेप पसरला, तिने तुकडा बसवला, आणि दोघींनी तळवे टेकून तो दाबून धरला.

"किती वेळ धरायचं, टीचर?" मार्थाने विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. फिलू 'सोड' म्हणाली, की मी सोडायची... आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.