बंपरची डावी पट्टी

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. नोकरीतले बरेच गुन्हे विसरलो. रहिमतपूरजवळच्या रस्त्यावरचा तो अपघात मात्र अजून आठवतो.

मी तेव्हा सातारा जिल्ह्यात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी दहाच्या सुमारास ठाणे अंमलदाराने फोन घेतला. रस्त्याकडेच्या चरीत एक बाई पडली आहे, असं एका ट्रॅक्टरवाल्याने कळवलं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा तिला बेशुद्ध अवस्थेत रुग्णवाहिकेत घालत होते. पन्नाशीची, शेजारच्या गावातली अंगणवाडी सेविका. नेहमीप्रमाणे चालत कामाला निघाली होती. दोन्ही बाजूंना ऊस उंच वाढलेला, त्यात चर खोल, त्यामुळे तासभर ती कोणाला दिसलीच नाही. सातारच्या रुग्णालयात दुपारी ती गेली. शुद्धीवर आलीच नाही. डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी आणली असती तर प्रयत्न करता आले असते."

साक्षीदार नव्हता. त्या वळणावर कॅमेरा नव्हता. पंचनामा करताना माझ्या हवालदाराला गवतात काळ्या प्लास्टिकचा वीतभर तुकडा सापडला. एक बाजू उन्हाने पांढरी पडलेली, मागे मोडलेल्या क्लिपचा अर्धा भाग. मला तो कचरा वाटला. हवालदार म्हणाला, "साहेब, ही बंपरवरची पट्टी हाय. जुन्या गाडीची. आता आशा गाड्या लय न्हाईत राहिल्या." त्याचं ऐकलं, हे बरं झालं. तुकडा जप्त करून सील केला आणि त्याचे फोटो सातारा, कराड, सांगली इथल्या गॅरेजवाल्यांच्या आणि भंगारवाल्यांच्या ग्रुपवर पाठवले.

दोन आठवडे काही हाती लागलं नाही. बाईचा नवरा गावात शिवणकाम करायचा. तो दर सोमवारी ठाण्यात यायचा, बाकावर बसायचा. मी केबिनबाहेर आलो की उठून उभा राहायचा. एकदाही त्याने "तपास कुठवर आला" असं विचारलं नाही. मीच सांगायचो, "चालू आहे." तो मान हलवायचा आणि जायचा. आरडाओरडा करणाऱ्या माणसाला उत्तर देणं सोपं असतं.

तिसऱ्या आठवड्यात सांगलीहून एका गॅरेजवाल्याचा फोन आला. साठीच्या घरातला मिस्त्री, आवाज दबलेला. "साहेब, फोटो आजच बघितला. तुमी इकडं या. फोनवर बोलायचं न्हाई."

विश्रामबागेच्या अलीकडे त्याचं दोन गाड्यांपुरतं गॅरेज होतं. त्याने स्टूल पुढे केलं आणि स्वतः उभाच राहिला.

"गाडी ओळखीच्या मान्साची हाय. वीस वर्सं माझ्याकडंच येत्यात. माझ्या पोरीला त्यांनीच कॉलेजात ॲडमिशनला मदत केली. त्यामुळं फोन करायच्या आधी दोनदा इचार केला."

"मग केलात का?"

त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "फोटोखाली लिवलं हुतं की बाई मेली."

त्याने पुढे सगळं सांगितलं. ही पट्टी आता नवीन मिळत नाही, भंगारातल्या गाडीची काढून बसवावी लागते. बाहेरून ओढली तर तुटते. बंपर सैल करायचा, पट्टीवर गरम पाण्याचा फडका ठेवायचा आणि आतून एकेक क्लिप दाबत सोडवायची. गाडी पट्टी बदलायला आली त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पांढऱ्या पडलेल्या दिसल्या म्हणून तो दोन्ही बदलू म्हणाला. गिऱ्हाईक म्हणालं, "डावीच बदला. आणि जुनी मला परत द्या."

"मोडकी पट्टी कोन परत मागतंय, साहेब? तवाच मनात आलं हुतं. एक क्लिप बंपरच्या आत तुटून अडकली हुती. निघंना, म्हणून तशीच ठिवली."

हे शेवटचं वाक्य ऐकून मी उठलो.

गाडीमालक एका महाविद्यालयातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. घर नीटनेटकं, दारात गाडी स्वच्छ पुसलेली. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. पट्टीचं विचारल्यावर लगेच म्हणाले, "गेटला घासली." मी बाहेर जाऊन गेटचा खांब पाहिला. त्यावर ओरखडाही नव्हता. मी परत येऊन तेवढंच सांगितलं. आवाज चढवायची गरज नव्हती. खरं बोलणारा माणूस अशा वेळी चिडतो. हे चिडले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले.

स्थानिक पोलिसांना कळवलेलंच होतं. दोन पंच बोलावले आणि मिस्त्रीलाच बोलावून पट्टी सोडवायला सांगितली. तो गाडीपुढे बसला. मालक पायरीवर उभे होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पट्टी निघाली. आतल्या खाचेत मोडलेल्या क्लिपचा दुसरा अर्धा भाग अडकलेला होता. सील फोडून आमचा तुकडा पंचांसमोर त्याच्याशी लावून पाहिला. मोड मोडीला बसली.

मालक आत जायला वळले. हवालदार त्यांच्या मागोमाग गेला. बाहेर आले तेव्हा हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी पट्टी होती.

"फेकायला दोनदा कृष्णेच्या पुलावर गेलो," ते म्हणाले. "फेकवली नाही."

त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्यांना तोवर काहीच माहीत नव्हतं.

ठाण्यात ते सगळं बोलले. साताऱ्याला नातेवाइकांकडे निघाले होते. शेजारच्या सीटवरून फाइल घसरली, ती सावरायला हात घातला आणि गाडी डावीकडे गेली. थांबले, उतरले, चरीपाशी गेले.

"जिवंत होत्या?" मी विचारलं.

"हो. बोलल्यासुद्धा."

"काय बोलल्या?"

"म्हणाल्या, 'आवं, अंगणवाडीत जरा सांगा, मला यायला उशीर हुईल. पोरं दारात बसली असतील.'"

"आणि तुम्ही?"

"हो म्हणालो. आणि गाडीत बसून निघून गेलो."

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा होत नाही. खटला उभा राहिला तो क्लिपच्या दोन अर्ध्या भागांवर, प्रयोगशाळेच्या अहवालावर आणि मिस्त्रीच्या साक्षीवर. त्याने न डगमगता साक्ष दिली. गुन्हा शाबीत झाला. बाईचं ते वाक्य मात्र दोषारोपपत्रात कुठेच नाही.

अटकेनंतरच्या सोमवारी नवरा आला. मी त्याला केबिनमध्ये बोलावून आरोपी सापडल्याचं सांगितलं. नाव, गाव, शिक्षा यातलं त्याने काहीच विचारलं नाही.

"साहेब, त्यो मानूस तिच्याजवळ गेला हुता का?"

"गेला होता."

"मग ती काय बोलली का?"

ती शुद्धीवर होती, मदत मागता येत होती आणि तरी तिला सोडून दिलं, हे त्यातून त्याला कळणार होतं. दडवून ठेवण्याचा अधिकार मला आहे का, हेही समजेना. शेवटी जसं ऐकलं तसं सांगितलं.

तो बराच वेळ टेबलाच्या कडेवरून हात फिरवत बसला. डोळे भरले होते, पण चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाल्यासारखा वाटला.

"व्हय," तो म्हणाला. "आसंच बोलली आसंल. अंगात ताप आसला तरी पयलं अंगणवाडीचंच." उठताना त्याने मला हात जोडले. "मला वाटत हुतं, ती कुनाशी न बोलताच गेली."

तोवर मी जबाब घ्यायचो तो न्यायालयासाठी. काय टिकेल, काय टिकणार नाही, एवढंच पाहायचो. त्यानंतर सेवेत असेपर्यंत अपघाताच्या प्रत्येक तपासात मी आरोपीला एक प्रश्न जास्त विचारला. जखमी माणूस तुमच्याशी काही बोलला का? बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असं यायचं. जेव्हा 'हो' यायचं, तेव्हा ते शब्द मी कागदावर उतरवून घेत असे आणि स्वतः त्या घरी जाऊन सांगत असे.