नजीर सुताराने साहेबाला सांगितलं ते

शहाद्याच्या नजीर सुताराला इंग्रजीचा एकच शब्द येत होता: टेल. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. वर्गाच्या दाराची कडी बसवायला आलेला हा म्हातारा काम उरकूनही ओट्यावर बसून राहिला आणि म्हणाला, "मास्तर, टेल म्हंजे काय काय व्हस?"

मास्तराला असं विचारू नये, तो आवरत नाही. सांगणं, हुकूम देणं, कबूल करणं, दोन सारख्या वस्तूंतला फरक ओळखणं, एखाद्याची चुगली करणं... मी भराभर बोलत सुटलो. चुगलीपाशी नजीरने हात वर करून मला थांबवलं. मग त्याने जे सांगितलं ते मी इतकी वर्षं पोटात ठेवलं. आता तोही नाही आणि ज्याची ही गोष्ट तो दलसिंगही नाही.

तरुणपणी नजीर नांगर दुरुस्त करत सातपुड्यातल्या पाड्यांवर फिरायचा, म्हणून त्याला तिथल्या पावरा आदिवासींची पावरी बोली चांगली येत होती. खटले चालवणाऱ्या इंग्रज साहेबाचा तळ शहाद्याला पडला की शिपाई त्याला दुभाषी म्हणून घेऊन जाई. साहेब इंग्रजी बोले, कारकून त्याचं मराठी करी आणि नजीर पावरी. साहेबाचं प्रत्येक वाक्य टेलनेच सुरू व्हायचं.

एकदा तंबूत आरोपी म्हणून दलसिंग पावरा उभा राहिला. सरकारी जंगलातले दोन साग तोडल्याचा आरोप होता. ते साग त्याच्याच परसात, कापसाच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली पडले होते. महिन्यापूर्वी त्याने दलसिंगला नवा नांगर दिला होता आणि बदल्यात लाकूड घेतलं होतं. कुठलं, हे विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती.

"टेल," साहेब म्हणाला. लाकूड कुठे आहे ते त्याने सांगावं, शिक्षा कमी होईल.

दलसिंगला खोटं बोलायचं सुचतही नव्हतं. तो पावरीत म्हणाला, "साग मी तोडले. लाकूड ह्या नजीरच्या परसात आहे, त्याने मला नांगर दिला. त्यालाच विचारा." आणि त्याने नजीरकडे बोट दाखवलं.

"काय म्हणी ऱ्हायना तो? तुन्हं नाव का घेस?" कारकुनाने विचारलं.

साहेबाने टाक खाली ठेवला. तंबूतले सगळे डोळे नजीरवर होते. घरी बायको नईमा पोटुशी होती, आणि तुरुंगातून आलेल्या सुताराला कोणी दारात उभं करत नाही.

"तो म्हणस, लाकूड नदीमा वाही गयं," नजीर म्हणाला. "नजीर मले वळखस, मी खोटं बोलत नही, असं म्हणस."

साहेबाला वाटलं, हा दलसिंग तोंडावर थाप मारतोय. त्याने सहा महिने सक्तमजुरी ठोकली.

नजीरने घरी येऊन त्या सागाचे तुकडे तुकडे केले. चांगलं लाकूड चुलीत का घालतोस म्हणून नईमा ओरडली, तर तिच्यावरच खेकसला. नंतरचे सहा महिने दारात कोणाचंही पाऊल वाजलं की तो काम टाकून परसात जायचा. शिपाई येईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती दलसिंगची होती.

तो आला, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. वाळून अर्धा झाला होता. लाकूड तासत बसलेल्या नजीरने वाकस खाली ठेवला. दलसिंग मात्र उंबऱ्यावर टेकला, पाणी मागून प्यायला आणि इकडेतिकडे पाहत म्हणाला,

"साहेबाने तुला सोडलं ना? तुरुंगात मला तीच काळजी होती. तू माझं बोलणं जसंच्या तसं सांगितलंस, तेव्हा तुलाही धरतील असं वाटलं. माझ्यामुळे तू अडकला असतास."

नजीरने तोंड उघडलं.

"हां," तो म्हणाला, "सोडलं."