बाटलीतलं पाणी तलावाचं नव्हतं

हे माह्या बायकोलेही ठाऊक नाई. तुले सांगून राह्यलो — पण असा पाहू नको माह्याकडं. आधीच मले वाटते, गावात साऱ्याईले ठाऊक आहे अन् सारे मुद्दाम चूप आहेत. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

हिंगणीकडचं आमचं गाव. मी तिथला जलसुरक्षक — म्हणजे टाकीत पाणी चढवाचं अन् तपासणीसाठी बाटली भरून पाठवाची. पाणी तलावाचं. त्या उन्हाळ्यात तलाव हिरवा झालता. साधं शेवाळ नाई — काठाशी ऑइलपेंट सांडल्यावानी जाड साय, अन् वास असा का जेवण नको वाटावं. बाटली भराले गेलतो. चिखलात उतराचा कंटाळा आला. हो, कंटाळाच! खोटं काऊन सांगू आता? घरी आलो, आपल्या विहिरीचं पाणी भरलं, अन् चिठ्ठीवर लिहिलं — तलाव.

रिपोर्ट आला. पिण्यायोग्य.

त्याच आठवड्यात काठावर पाणी पिऊन एका घरच्या चार बकऱ्या तडफडून मेल्या. पाणी तर चांगलं, मंग विष टाकलं कोणं? सारी बोटं गजाननकडं वळली. माह्या शेजारचा हा माणूस तलावाकाठी वांगी-टमाटर लावते, फवारणीचा पंप त्याच्याजवळ असते. त्यानं पोराची शप्पथ घेतली, का पंप तलावात धुतला नाई. मंग माह्याकडं आला. मीनं रिपोर्ट दाखवला. त्यानं दोनदा वाचला — अन् पाह्य, संशय माह्यावर नाई, बायकोवर घेतला.

"पंप तूच धुतला असन, शोभा. दुसरं कोण आहे?"

शोभावहिनी माहेरी निघून गेली, कारंजाले.

पुढं ढोरांचे डॉक्टर लस टोचाले आले, तवा त्याईनं तलाव पाह्यला. माह्याजवळच बोलले — हे शेवाळ विषारी असू शकते, बकऱ्या यानंच गेल्या असतील, पाणी उकळूनही हे विष जात नाई. कोणी आयकलं का, म्हणून आधी मागं पाह्यलं. मंग तलावावरची मोटर जळाली म्हणून ठोकून दिलं अन् गावाले विहिरीचं पाणी सुरू केलं. तोवर लेकरंबाळं तेच पीत होते, माह्या रिपोर्टाच्या भरवशावर. मले लाज वाटते. तवाही वाटत होती — पण बोललो का?

दिवाळीच्या तोंडावर गजानन म्हणे, "भाऊ, चालता का कारंजाले? तुमचं आयकन ती."

मलेच काऊन नेत होता? त्याले वास लागलता का? नाई म्हटलं असतं तर अधिकच दिसलं असतं. गेलो.

वहिनीनं चहा ठेवला अन् सरळ विचारलं, "भाऊजी, तुमीच सांगा. त्या पाण्यात खरंच काई नव्हतं?"

गजानन बाजूलेच बसलता. तोंडाशी आलतं, देवाशपथ.

"रिपोर्ट तर तसाच आहे, वहिनी."

तिनं एकदा माह्याकडं पाह्यलं. कळलं का तिले? आजही सांगता येत नाई. मंग नवऱ्याले म्हणे, "बरं. धुतला असन मीनंच. चला घरी."

पिशवी भरून ती आमच्यासंग एसटीत बसली. गावात आता शोभावहिनीच बकऱ्या मारणारी म्हणून ठरली. गजानन मले हात जोडते — भाऊ, तुमच्यामुळं संसार जुळला. अन् मी म्हणतो, असू दे.