मोनालाच्या वाटेवर आण्णा

उलव्याच्या घरातून निघताना आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, "एका कोंबड्यापायी हिमालयात?"

"कोंबडा नाही, मोनाल. नऊ रंगांचा पक्षी आहे."

"बघू," म्हणाले आणि भर उकाड्यात कानटोपी चढवली. जन्मभर वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून राबलेला हा माणूस साताऱ्यापलीकडे कधी गेला नव्हता. मला मात्र खाडीकाठी पक्ष्यांचं वेड लागलेलं.

दिल्ली, हरिद्वार, मग दिवसभर जीप. आण्णा मोडक्या हिंदीत ड्रायव्हरला कांदे कसे निवडावेत ते सांगत होते. चोपत्याला मुक्कामाच्या घरी मंडुव्याची (आपल्या नाचणीची) गरम भाकरी मिळाली आणि स्वारी खूश झाली.

दोन सकाळी नुसतं धुकं. तिसरी सकाळ शेवटची. वाटाड्या देवेंद्र आम्हाला जंगल संपून बुग्याल (डोंगरमाथ्यावरचं कुरण) सुरू होतं तिथे घेऊन गेला. खडकाआड बसलो. थोड्या वेळानं तो कुजबुजला, "साहब, उधर."

झुडपाआडून हिरवीनिळी मान चमकली. पक्ष्यानं आणखी दोन पावलं टाकली असती, तर अख्खा मोनाल उघड्यावर आला असता. मी श्वास रोखला.

तेवढ्यात आण्णा उठले! खालच्या वाटेवर एक बाई पाल्याचा भारा एकटीच डोक्यावर घ्यायला धडपडत होती. आण्णा तरातरा तिकडे निघाले. मोनाल शीळ घालत दरीत उतरला. मला दिसली फक्त पांढरी पाठ.

मी चिडून मागे धावलो. "आण्णा, दोन मिनिटं दम धरवला नाही?"

"आरं, ती एकटी वझं उचलतीया आन मी पाखरं बघत बसू व्हय?"

बाजारात डोक्यावर ओझं कुणी एकट्यानं घेत नाही. जवळ असेल त्यानं हात लावायचा. आण्णांनी गुडघे वाकवले, भाऱ्याखाली तळवे घातले. "सावकाश, बेटी." भारा अलगद वर गेला. तिची मान स्थिर होईपर्यंत त्यांनी हात काढले नाहीत.

"बस, बाबूजी," ती हसून म्हणाली आणि चालू लागली.

परतल्यावर खाडीवरचे मित्र विचारतात, मोनाल दिसला का? पाठमोरा, असं मी सांगतो. दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. ज्या कामावर मी शिकलो, वाढलो, ते काम करताना आण्णांना मी तोवर एकदाही पाहिलं नव्हतं.