बिनहळदीची आमटी

आमच्या बावडा गावात कुणाला कावीळ झाली की सगळ्यात आधी घरातली हळद बंद होते. पिवळ्यानं पिवळं वाढतं म्हणे. ह्यांचे डोळे पिवळे दिसले त्या दिवशी मीही हळदीचा डबा फळीवर चढवला. पाठोपाठ तेल गेलं, दही गेलं, डाळ जड म्हणून आमटीचं पाणी झालं. सकाळी ज्वारीच्या कण्या, संध्याकाळी मऊ भात आणि त्यावर ती पांढरीफट्ट आमटी. मी मूळची हट्टी. पथ्य धरलं की धरलं. कुणी पाहुण्यानं लाडू आणला तर लाडू पाहुण्यासकट परत!

कावीळ उतरली, पण पोट फुगलं, पाय सुजले. हा माणूस उभ्या जन्मात दारूच्या वाटेला गेलेला नाही, तरी गावानं कुजबुज केलीच. तपासण्या झाल्यावर कळलं, शुगर आणि चरबीनं लिव्हर आतून कडक होत गेलं होतं. मग इंदापूरच्या डॉक्टरांनी आम्हाला बारामतीला, लिव्हरच्या खास दवाखान्यात पाठवलं. तोवर माझ्या पथ्याला आठ महिने झाले होते.

तिथली डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "काका, हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठून दाखवा."

हे दोनदा उठले. तिसऱ्यांदा अर्धवट उठले आणि धपकन खाली बसले. दुधाची भरलेली कॅन एका हातानं उचलून डेअरीत नेणारा माणूस हा! मला बघवेना.

"जेवतात काय?" तिनं विचारलं.

मी छाती फुगवून सगळं सांगितलं. वाटलं, आता शाबासकी मिळणार. तिनं पेन खाली ठेवलं, ह्यांचा दंड चिमटीत धरून बघितला.

"मावशी, लिव्हर बिघडलंय ते आहेच. पण अंगातलं मांस उपासानं झिजलंय. पोटातलं पाणी गोळ्यांनी काढू, ताकद मात्र गोळीत मिळत नाही. अशीच झीज होत राहिली, तर साधा ताप आला तरी काका टिकायचे नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हंजे मी उपाशी मारतीय व्हय ह्यांना?"

"मारत नाही, जपताय. पण चुकीचं जपताय." तिनं कागदावर लिहून दिलं. मीठ कमीच, साखर बंद. पण घट्ट वरण, दही, रोज दोन अंडी, आणि झोपताना थोडं काहीतरी, म्हणजे रात्रभर पोट रिकामं राहायला नको.

"आन हळद?"

"घाला की!" ती हसून म्हणाली.

"कालची पोर, मला शिकवती," असं म्हणत मी एसटीत इंदापूरपर्यंत तोंडाचा पट्टा चालू ठेवला. हे खिडकीतून बाहेर बघत बसले. घरी येऊन गॅस पेटवला आणि हातच चालेना. इतके दिवस भीती होती, पथ्य मोडलं तर हे जातील. आता पथ्य पाळलं तरी जातील! इकडं आड, तिकडं विहीर. शेवटी देवाचं नाव घेतलं आणि अंडी उकडायला ठेवली.

गोळ्यांनी सूज ओसरत गेली. दंड जरा भरला. तिसऱ्या महिन्यात बारामतीला गेलो, तर हे खुर्चीवरून पाच वेळा उठले आणि "हे एक वरचं," म्हणत सहाव्यांदाही उठले. डॉक्टरीण म्हणाली, लिव्हर पहिल्यासारखं होणार नाही, पण असं सांभाळलंत तर पुष्कळ साथ देईल. माझा जीव भांड्यात पडला.

परतताना इंदापूरच्या स्टँडवर बावड्याच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. हे डब्यातलं अंडं सोलत होते. मी सहज विचारलं, "अवो, त्या आठ महिन्यांत भूक लागायची का तुमाला?"

"लागायची की. लई."

"मग बोलला का न्हाय?"

"त्या पथ्यावर तुझा लई इस्वास हुता. ते चालू हाय तवर तू धीरानं हुतीस, रडत न्हवतीस. म्हटलं, भुकंचं काय, काढू."

असा राग आला मला, आणि तितकीच माया. "अवो, मुकं जनावर बी भुकेलं की हंबरतं!" मी ओरडले. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. पदर तोंडाला लावला, तरी हुंदका बाहेर फुटलाच.

हे गांगरले. "अगं, आता तर बरा हाय मी. आता का रडतीस?"

"आताच रडणार," मी म्हटलं. "आता रडले तरी चालतंय. तुमी गप खावा."