हॉलिनथ्वेटचा माणूस

आर्थर मेटकाफ थकला होता, आणि थकवा लपवणंही आता त्याच्या जिवावर यायचं. यॉर्कशायरच्या त्या खोऱ्यात दगड उचलावा तर खाली एखादा मेटकाफ सापडावा, इतके मेटकाफ. म्हणून आडनावाने कुणी कुणाला हाक मारत नसे. माणूस ज्या वाडीचा, तेच त्याचं नाव. चढावरच्या हॉलिनथ्वेट वाडीत आर्थरचा जन्म गेला, म्हणून तो हॉलिनथ्वेट. त्याआधी बाप हॉलिनथ्वेट होता.

गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा त्याने खंडाने कसलेली वाडी मालकाला परत केली. मेंढ्याही तिथेच ठेवल्या. तिथला कळप डोंगराचा. कोकरू आईमागे हिंडून आपली हद्द शिकतं, ते दुसरीकडे रमत नाही. त्याच्या जागी खालच्या बेकसाइड वाडीतला एक तरुण यायचा होता. घर आणि मेंढ्या त्याला जाणार हे आर्थरने कसंबसं पचवलं. नावही त्यालाच जाणार, हे मात्र घशाखाली उतरत नव्हतं.

सामानाची बांधाबांध चालू असताना कॅनडाहून एक बाई दारात आली. रोझमेरी हॉलिनथ्वेट. बाईचं खरंखुरं आडनावच ते. चौकटीच्या दगडावरून हात फिरवत ती रडू लागली. आर्थरचं डोकं फिरलं. हिने इथे एका मेंढीचं बाळंतपण केलं नाही, आणि नाव हिचं.

"आयत्या बिळावर नागोबा," तो शेजारच्या विल्फपाशी पुटपुटला.

"मग नागोबाला चहा पाज की. लांबून आलीय बिचारी," विल्फ म्हणाला.

चहा घेता घेता बाई बोलती झाली. हॉलीची काटेरी झाडं तोडून मोकळी केलेली जागा, ती हॉलिनथ्वेट. तेव्हा इथे बरीच घरं होती. तिचा मूळपुरुष पोटासाठी दूरच्या लोकरीच्या पेठेत गेला आणि तिथल्यांनी त्याला हे नाव लावलं.

"आणि इथे असताना?" आर्थरने विचारलं.

"इथे नुसता जॉन असेल. इथे सगळेच हॉलिनथ्वेटचे, आजोबा. जो निघाला, त्याला नाव लागलं."

"ऐकायला बरं वाटतं," आर्थर म्हणाला. त्याला बरं वाटलं नव्हतं.

शरदात कोकरांचा बाजार भरला. आर्थर आता बाजारामागच्या दोन खोल्यांत राहत होता. जावं की नको करत तो गेला आणि शेवटच्या बाकावर बसला. आपल्या नावाने दुसऱ्याला मारलेली हाक ऐकायची त्याच्यात हिंमत नव्हती.

रिंगणाच्या तोंडाशी तो नवा तरुण कोकरं घेऊन उभा होता. लिलाववाला ओरडला, "बेकसाइड, चल, आण आत."

तरुणाने निमूटपणे फाटक उघडलं. तो जिथून आला, त्याच वाडीच्या नावाने त्याला हाक पडली होती.

"हॉलिनथ्वेट," मागून येत विल्फ खेकसला, "सरक की जरा. बाक काय विकत घेतलास?"

नव्या तरुणाने वळूनही पाहिलं नाही. आर्थरचे डोळे भरून आले, आणि तो सरकला.