चावलेल्या टोकाची गाठ

बाजारात शेवंतीची पाटी शेजारून गेली की एक प्रकरण अजूनही माझ्यासमोर उभे राहते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, बंदोबस्तात दगडही खाल्ले. त्यांतले पुष्कळसे आता पुसट झाले आहे. हे प्रकरण मात्र पुसट झाले नाही. खरे तर यात ना खून, ना दरोडा. चोरीला गेला होता एक पासपोर्ट.

तेव्हा मी अकोला जिल्ह्यात, बार्शीटाकळीच्या बाजूला ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपून मी डाक पाहत होतो. तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला आणि म्हणाला, "साहेब, फुलवाला आलाय. रडून राहिला."

फुलवाल्याला मी ओळखत होतो. गावाला लागून त्याचा मळा, शेवंती आणि मोगऱ्याचा. रोज पहाटे माल घेऊन तो अकोल्याच्या फूलबाजारात जायचा. ठाण्याच्या गणपतीचा हार त्याच्याकडचाच असे. माणूस बोलका, हसरा. त्या दिवशी मात्र त्याला खुर्चीवर बसवून पाणी पाजावे लागले.

"साहेब, माह्या बायकोचा पासपोर्ट गेला. आठवड्यावर जाणं आलं अन् पासपोर्टच नाई."

त्याच्या बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. हा आजार मला त्यानेच समजावून सांगितला. शरीरात रोगाशी लढणारे जे शिपाई असतात, ते उलटतात आणि आपल्याच मज्जातंतूंवरचे आवरण कुरतडतात. "वायरीवरचं प्लास्टिक उंदरानं खाल्ल्यावानी, साहेब." आधी तिच्या पायाला मुंग्या आल्या, मग तोल जाऊ लागला. गावात कुणी वारे म्हणाले, कुणी बाहेरचे. तिचे माहेर बडनेऱ्याचे, वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी तिला अमरावतीला मोठ्या डॉक्टरकडे नेले, तेव्हा कुठे आजाराला नाव मिळाले. आता ती चाकाच्या खुर्चीत होती. बोटांना स्पर्श कळत नव्हता.

परदेशातल्या एका रुग्णालयात यावर नवा उपचार चालू होता, अजून प्रयोगाच्या पातळीवरचा. रोग्याच्याच रक्तातल्या मूळपेशी काढून ठेवायच्या, मग जबर औषध देऊन शरीरातली बिघडलेली सगळी फौज मारायची आणि त्या पेशी परत सोडून नवी फौज उभी करायची. हमी कुणीच देत नव्हते, आणि मधल्या दिवसांत जिवाला धोकाही होता. तरीही फुलवाल्याने नेट लावला. सारा गोतावळा पाठीशी उभा राहिला. "तिले चालत वापस आणतो," असे तो गावभर सांगत होता.

मी स्वतः पंचनाम्याला गेलो. दोघांचे पासपोर्ट आणि रुग्णालयाचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या खालच्या खणात होते. कुलूप शाबूत, कपाटात बाकी सारे जागच्या जागी. नवऱ्याचा पासपोर्ट होता, बायकोचा तेवढा नव्हता. चोर इतका निवडक असेल तर तो बाहेरचा नसतो, हे शिकायला पोलिसात भरती व्हावे लागत नाही.

पिशवीची चेन तुटलेली होती. तोंड केळीच्या सोपटाने बांधले होते. सोपट म्हणजे केळीच्या खोडाची वाळलेली साल. ती भिजवून, तिचे दोरे काढून फुलवाले गजरे गुंफतात.

"हे तुम्हीच बांधलं?" मी विचारले.

तो बघतच राहिला. "नाई साहेब. मी तं नायलॉनची दोरी आवळली होती."

त्याच्या घरात पापडाच्या डब्यापासून छत्रीपर्यंत सगळे सोपटानेच बांधलेले. म्हणून त्याला काही खटकले नव्हते. दोरी सुटेना, चोराने ती कापली, आणि मग हाताच्या सवयीने हाताशी होते ते बांधून ठेवले. बाहेरचा चोर पिशवी बांधत बसत नाही. हा घरचा हात होता, आणि फुलात मुरलेला. मी ते सोपट गाठीसकट जप्त केले.

घराची झडती झाली. पेट्या उघडल्या, गाद्या उलथल्या, धान्याच्या कोठीत हात घातला. ती बिचारी अंगणात आपल्या खुर्चीत बसून होती. आम्ही गेलो तसे तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि सुनेला पाहुण्यांची असावी तशी काळजी केली. "साहेबायले चहा ठेवा नं."

दुसऱ्या दिवशी खबर आली. बसस्टँडवर पंक्चरचे दुकान चालवणारा आमचा एक माणूस होता. तो माझ्या बीट जमादाराला म्हणाला, "त्याचा धाकटा भाऊ पकडा. परवा फाट्यावर दोघायचं लय वाजलं. धाकटा म्हणे, वयनीले नेशीन तं पासपोर्ट जाळून टाकीन."

धाकट्याला बोलावले. उंच, अबोल पोरगा, लग्न व्हायचे होते. बाकावर बसला तो खाली मान घालून. मी अजून पहिला प्रश्न विचारतोय तर म्हणतो, "मीच घेतला साहेब. लिवून घ्या."

माझ्या अनुभवात खरा चोर सहसा इतक्या लवकर कबूल होत नाही. आधी तो आईची शपथ घेतो, मग देवाची, मग नाइलाजाने खरे बोलतो. हा तर फराळाला बसावे तसा कबुलीला बसला होता.

"कुठं आहे मग?"

"जाळला."

"कशात जाळला? कुठं?"

"चुलीत."

"तुमच्याकडं तर गॅस आहे."

मी टेबलाच्या खणातून शिपायाने आणलेले ताजे सोपट काढले आणि एक रिकामी पिशवी त्याच्यापुढे ठेवली. "बांध."

त्याला कळेना, पण त्याने बांधली. दोन फेरे, आतून ओढ, गाठ. गाठ अगदी तीच, जप्त केलेली. मग उरलेले टोक त्याने अंगठ्याच्या वाढवलेल्या नखाने टचकन तोडले. कापल्यासारखे सरळ. मी जप्त केलेली गाठ शेजारी ठेवली. हिचे टोक सरळ नव्हते. चिंध्या झालेले, दाबून चपटे झालेले, चावलेले.

त्याने ते पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. मला जे कळायचे ते त्या चेहऱ्याने सांगितले.

"साहेब," तो हात जोडून म्हणाला, "मलेच आत टाका नं. तिकडं गेली तं मरून जाईन माही वयनी. माय गेल्यावर तिनंच वाढवलं मले."

"तुला केव्हा कळलं?"

"कळलं नाई. वाटलं. दादा घरी नसला की रडते थे."

मी महिला शिपाई सोबत घेतली आणि वर्दी न घालता त्यांच्या घरी गेलो. दुपार होती. फुलवाला बाजारातून यायचा होता. ती ओसरीवर खुर्चीत बसून गजरा करत होती. मांडीवर मोगऱ्याच्या कळ्या. बोटांना दोरा कळत नसल्यामुळे ती डोळ्यांनी पाहून एकेक कळी ठेवायची, फेरा घालायची आणि सोपटाचे टोक दातात धरून गाठ ओढायची. निरोगी बाई ज्या वेळात हातभर गजरा गुंफेल, त्या वेळात तिचा वीतभर होत होता. पण वीण घट्ट होती. मी पाहत बसलो. तिने गाठ मारली, उरलेले टोक दातांनी तोडले आणि वर पाहिले. मी काय पाहतो आहे हे तिला उमगले.

"ताई, जरा उठता येईल का?" महिला शिपायाने विचारले.

"उठावं लागत नाई," ती म्हणाली. "खुर्चीच्या गादीखाली हाय."

सगळे घर आम्ही पालथे घातले होते. पण आजारी बाईला उठ म्हणायला पंचांची जीभ रेटली नव्हती, आणि माझीही नाही.

पासपोर्ट हातात घेऊन मी विचारले, "का बाई? साऱ्यांनी एवढी धावपळ केली तुमच्यासाठी."

"माह्यासाठीच केली. पण मले कोणी इचारलं साहेब? यायनं बाळापूरच्या मामाले इचारलं, सरपंचाले इचारलं, पंडिताले मुहूर्त इचारला. मले म्हणे, बॅग भरली."

मला हसू आले. तीही हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

"मराचं भेव नाई वाटत. पण नाई चालली मी तं? तिथून अशीच खुर्चीत वापस आली तं? यायनं गावभर सांगून ठेवलं, चालत आणतो. सकाळी मले न्हाऊ घालते, वेणी घालते, मंग मार्केटले जाते हा माणूस. त्याच्या डोयात आता एवढीशी आस हाय. थेही माह्या पायानं गेली तं थो कशावर जगीन? अन् त्याले नाई म्हणायले मले तोंड कुठी हाय?"

कायद्याच्या पुस्तकात याला कलम नव्हते. स्वतःचीच वस्तू स्वतःच लपवली तर ती चोरी कशी होईल? पण फिर्याद दाखल झाली होती, आणि फिर्यादी दारात सायकल लावत होता.

त्याला मी सरळ सांगितले. लपवाछपवीने दोघांचेही पुरेसे नुकसान झाले होते. तो आधी माझ्याकडे पाहत राहिला, मग तिच्याकडे. आता ओरडतो की काय म्हणून मी पुढे सरकलो. पण तो तिच्या खुर्चीशी उकिडवा बसला.

"येडी हायस का तू? मी तुह्या पायासाठी चाल्लो होतो काय?"

"मंग?"

"डॉक्टरनं मले तवाच सांगतलं, गेलं थे वापस येत नाई. आलं तं नशीब. पण पुढचं थांबू शकते. तुह्या एका डोयाचं दिसणं मागच्या साली गेल्तं नं, महिनाभर? आठवते? मी तुह्या त्याच बाजूले उभा होतो अन् तू मलेच इचारे, कोण हाय म्हणून. तवापासून मले भेव वाटते. पाय गेले तं मी हावो. डोये गेले तं मी काय करू?"

"तं लोकायले चालत आणतो काहून सांगतलं?"

तो ओशाळला. "लोकायले काय सांगू मंग? जशी हाय तशी राह्यली पाह्यजे म्हणून नेतो? कोणी समजलं असतं काय?"

तिने हात पुढे केला. त्या हाताला काही कळत नव्हते, म्हणून तिने तो नजरेने नेमका त्याच्या गालावर ठेवला. माझी महिला शिपाई अंगणातल्या शेवंतीकडे पाहू लागली, आणि मीही. पोलिसाला अशा वेळी कुठे पाहावे हे प्रशिक्षणात शिकवत नाहीत. मला त्या दोघांविषयी फार माया वाटली, हे लिहायला मला आता संकोच वाटत नाही.

गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून प्रकरणाचा 'क' समरी अहवाल गेला. नंतर पासपोर्ट परत करण्याची कारवाई ठाण्यात झाली. माझ्या रायटरने सवयीने सुपूर्दनाम्यावर फिर्यादीचे नाव घातले आणि कागद फुलवाल्यापुढे सरकवला. तोही सवयीने पेन घेऊ लागला.

"थांबा," मी म्हणालो. "पासपोर्ट कुणाचा?"

"बायकोचा."

"मग कागद पुन्हा करा. ताबा मालकाला."

तिला ठाण्याची पायरी चढवायला धाकटा दीर आणि जमादार दोघांनी खुर्ची उचलली. तिने पेन दोन्ही हातांत धरला. नवऱ्याचा हात मदतीला पुढे आला, मी नुसते त्याच्याकडे पाहिले, तो मागे गेला. सही पूर्ण होईपर्यंत ठाण्यातल्या सगळ्यांचे डोळे त्या पेनावर होते. लॉकअपमधला दारुडासुद्धा गजाला नाक लावून पाहत होता. सही वेडीवाकडी झाली, पण तिचीच झाली. पासपोर्ट मी तिच्या मांडीवर ठेवला. तो तिने खुर्चीच्या खिशात घातला आणि नवऱ्याला म्हणाली, "जाचं का नाई थे मी सांगीन. पहिले मले अमरावतीच्या डॉक्टरले काई इचाराचं हाय. तुमी बाहेर बसाचं."

"बसतो बाप्पा," तो म्हणाला.

त्या तारखेचे विमान त्यांच्याविना गेले. पुढे माझी बदली झाली.

निवृत्तीच्या दिवशी अमरावतीला निरोप समारंभ होता. भाषणे, शाल, नारळ. गर्दीतून एक माणूस हार घेऊन आला. केस पिकले होते, हसू तेच होते. मी त्याला बाजूला घेऊन आधी विचारले, शेवटी गेलात का?

"गेलो होतो साहेब. तिनंच म्हटलं, चला आता. धाकट्यानं आधी आठ दिवस जेवण सोडलं, मंग कबूल झाला, अन् आला विमानतळापर्यंत."

"आणि?"

"खुर्चीतच गेली, खुर्चीतच आली. पण तवापासून नवीन काई झालं नाई. डॉक्टर म्हणते पुढचं सांगता येत नाई. मी म्हणलं, पुढचं आमाले तरी कुठी पाह्यजे."

दुसऱ्या कुणाला हाच उपचार लागू पडेल की नाही, हे मला ठाऊक नाही. ते डॉक्टरांनी सांगावे. मला माझ्या कामापुरते एवढे कळले की माणसाच्या भल्यासाठी चाललेल्या गोष्टीतही त्याची जबानी आधी घ्यावी. आम्ही पोलीस तर आरोपीचीही घेतो. घरची माणसे मायेपोटी तेवढे विसरतात. त्यानंतर आमच्याही घरात, अगदी हिच्या मोतीबिंदूच्या वेळीही, मी आधी विचारायला शिकलो. ती म्हणते, फार विचारता.

घरी आल्यावर सगळे हार खुंटीला अडकवले. त्याचा हार काढताना मागची गाठ हाताला लागली. केळीच्या सोपटाची, दोन फेऱ्यांची, घट्ट. चष्मा लावून टोक पाहिले. ते चावलेले होते.

मी हिला हाक मारून ते दाखवले.